तोफेचा गोळा आणि वेगाचे दोन घटक

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शाळांच्या सहली औसा, उदगीर किंवा कंधारच्या किल्ल्यावर जातात. तिन्ही किल्ले भुईकोट. खंदक, तट आणि बुरूज पाहत मुले तोफेपाशी पोचली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘सर, हिचा गोळा किती लांब जायचा?’’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मिळायला माणसाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. आज तेच उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात ‘प्रक्षेप्याची गती’ या नावाने दोन-तीन पानांत उरकते. गोळ्याच्या वेगाला कोनाच्या कोसाइनने गुणले की क्षितिजसमांतर, म्हणजे आडवा घटक मिळतो आणि साइनने गुणले की उभा घटक मिळतो. दोन्हींची समीकरणे वेगवेगळी मांडायची, त्यांतला काल समान धरायचा, की पल्ला हाती येतो.

ही रीत मुलांना येते. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही रीत चालते का, म्हणजे एका वेगाचे दोन तुकडे करून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पुस्तकात या प्रश्नाला एखाद-दुसरे वाक्य मिळते. इतिहासात मात्र सगळी अडचण इथेच होती. त्रिकोणमितीची अडचण नव्हतीच. ज्यांची कोष्टके, म्हणजे आजच्या भाषेत साइनची कोष्टके, आपल्याकडे इ. स. ४९९ मध्ये लिहिलेल्या आर्यभटीयात आहेत. अडले होते ते ‘एकाच वेळी’ या दोन शब्दांपाशी. ते कसे, हे या लेखात पाहू.

एक संपले की दुसरे

आपल्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. टेबलाच्या कडेवरून एक गोटी नुसती सोडली आणि त्याच क्षणी दुसरी गोटी जोरात आडवी उडवली, तर जमिनीवर आधी कोणती पडेल? ‘सोडलेली गोटी आधी’ असे उत्तर बऱ्याच मुलांकडून येते. कारण विचारले तर मुले सांगतात, की दुसऱ्या गोटीला जोर आहे, तो संपेपर्यंत ती पुढे जाणार आणि मग पडणार. पल्ल्याचे सूत्र ज्यांना पाठ आहे अशा मुलांकडूनही हे उत्तर येऊ शकते. कारण सूत्र डोक्याच्या एका कप्प्यात असते आणि गोटी दुसऱ्या.

या उत्तराला हसू नये. ते उत्तर देणारी मुले फार मोठ्या माणसांच्या पंगतीत बसलेली असतात. कणादाच्या वैशेषिक दर्शनात बाणाच्या गतीचा विचार केलेला आहे. धनुष्याच्या दोरीने ढकलल्यामुळे बाणात पहिली हालचाल निर्माण होते. तिच्यातून ‘संस्कार’ उत्पन्न होतो आणि तो बाणाला पुढे नेत राहतो. संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. प्रशस्तपादाने या संस्काराला ‘वेग’ म्हटले आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातले वेग आणि गुरुत्व हे दोन्ही शब्द या परंपरेत आधीपासून आहेत. मात्र तिथला वेग म्हणजे ‘एका सेकंदात कापलेले अंतर’ नव्हे. तो वस्तूत साठवलेला, हळूहळू खर्च होणारा एक गुण आहे. तो आहे तोवर गुरुत्वाचे काही चालत नाही.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने गतीचे दोन प्रकार केले. जड वस्तूचे खाली येणे ही नैसर्गिक गती आणि फेकल्यामुळे मिळालेली ती बळजबरीची गती. सहाव्या शतकात फिलोपोनसने आणि पुढे अकराव्या शतकात इब्न सिनाने, फेकणाऱ्याने वस्तूला काहीतरी दिलेले असते, अशी दुरुस्ती केली. ही दुरुस्ती वैशेषिकांच्या संस्काराच्या बरीच जवळ जाते. तरी मूळ चित्र तेच राहिले. दोन कारणे एकाच वस्तूवर एकमेकांना न अडवता काम करू शकतात, असे त्यात नव्हते. एक जोरात असेल तर दुसरे दबलेले, आणि पहिले थकले की दुसऱ्याची पाळी.

अश्मक देश आणि फिरणारी पृथ्वी

या समजुतीची किंमत केवळ बाण आणि दगडांपुरती नव्हती. आर्यभटाच्या ग्रंथाला सातव्या शतकातला भाष्यकार पहिला भास्कर ‘आश्मकीय’ म्हणतो. अश्मक हे गोदावरीकाठचे प्राचीन जनपद. त्याची राजधानी म्हणजे नांदेडच्या शेजारचे, आज तेलंगणात असलेले बोधन, असे अनेक इतिहासकार मानतात. आर्यभटाचे गाव कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण या गोदाकाठाचे नाव त्याच्या ग्रंथाला जोडले गेले, एवढे खरे.

आर्यभटाने सांगितले की तारे स्थिर आहेत आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते. नावेतून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात, हा दृष्टान्त त्याने दिला. वराहमिहिराला हे पटले नाही. पृथ्वी फिरत असती तर घरट्यातून उडालेले पक्षी पुन्हा घरट्यात कसे आले असते, असा त्याचा आक्षेप होता. पुढे लल्लाने त्यात बाणाची भर घातली. सरळ वर सोडलेला बाण पश्चिमेकडे जाऊन पडायला हवा होता, असे तो म्हणतो.

हा आक्षेप आकड्यांत मांडून पाहू. नांदेडच्या अक्षांशावर जमीन पृथ्वीच्या परिवलनामुळे दर सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेकडे सरकते. एखाद्या मुलाने चेंडू पाच मीटर उंच उडवला तर तो हातात परत यायला सुमारे दोन सेकंद लागतात. तेवढ्यात मुलगा ८८० मीटर पूर्वेला गेलेला असतो. मग चेंडू त्याच्याच हातात कसा येतो? आज आपण म्हणतो, की चेंडू हातातून सुटला तेव्हा त्याच्याजवळ पूर्वेकडचा ४४० मीटरचा आडवा वेग होताच. वर-खाली जाण्याने तो आडवा वेग कमी होत नाही. दोन्ही गती एकाच वेळी, एकमेकींना धक्का न लावता चालू राहतात. हे उत्तर त्या वादात पुढे आलेले दिसत नाही. आर्यभटाकडे फिरणारी पृथ्वी होती आणि ज्यांचे कोष्टकही होते. त्याची बाजू भक्कम करायला लागणारी तिसरी गोष्ट, म्हणजे गतींचे स्वातंत्र्य, नव्हती. पुढच्या बहुतेक ज्योतिषांनी स्थिर पृथ्वीच धरली.

ही गोष्ट एसटीत बसून तपासता येते. गाडी सरळ रस्त्यावर एकसारखी पळत असताना नाणे सरळ वर उडवावे. ते मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, आपल्याच हातात परत येते.

गोलंदाजाला काय माहीत होते

आता किल्ल्यांकडे वळू. क्रिकेटमुळे घरोघरी गेलेला ‘गोलंदाज’ हा शब्द मुळात तोफखान्यातला, गोळा टाकणाऱ्याचा. नांदेड-लातूरचा हा टापू बहमनी, निजामशाही, आदिलशाही, बरीदशाही आणि मोगल यांच्या सीमांवर वसलेला. त्यामुळे इथले किल्ले सतत हात बदलत राहिले. १६३१ साली दख्खनचे हे कंधार मोगलांनी घेतले. १६३६ साली निजामशाही संपली आणि त्याच वर्षी खान दौरान या मोगल सरदाराने वेढे घालून उदगीर आणि औसा जिंकले.

अशा वेढ्यात गोलंदाजाला सूत्र माहीत नव्हते, पण पुष्कळ काही माहीत होते. बुडाखाली लाकडी पाचर किती सरकवली की तोंड किती वर होते, दारूचे माप किती घेतले की गोळा कुठवर जातो, दारू दमट असली की काय होते, हे त्याच्या हाताला कळत असे. औशाचा किल्लाच पाहा. तो सखल जागेत आहे. भोवतालची जमीन चढती असल्याने आतल्या उंच जागेवरून दूरवरचे दिसते, पण बाहेरून किल्ल्याचा बराच भाग नजरेस पडत नाही. अशा ठिकाणी सपाट नेमाने मारलेला गोळा चढावर आपटतो किंवा तटावरून पलीकडे जातो. तटाच्या आत गोळा पाडायचा तर त्याला उंच चढवून वरून खाली आणावे लागते. त्यासाठी उखळी तोफ असते. म्हणजे पल्ला तोच पण वाट वेगळी, हे गोलंदाजाला अनुभवाने कळलेले होते.

त्याला दिसत नव्हते ते गोळ्याचे पडणे. समजा गोळा ताशी नव्हे, सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटला. पहिले १०० मीटर तो पाव सेकंदात कापतो आणि तेवढ्यात फक्त ३० सेंटीमीटर खाली येतो. डोळ्याला ती वाट सरळ रेषाच वाटणार. ४०० मीटरवर मात्र तो जवळजवळ पाच मीटर खाली आलेला असतो. ही घट भरून काढायला तोंड एक अंशाहूनही कमी वर केले तरी पुरते. गोलंदाज तेवढे तोंड सवयीने वर धरत असणार, आणि गोळा सरळच गेला, असे त्याला वाटत असणार.

युरोपातल्या गोलंदाजांचीही हीच गत होती. १५३७ साली इटलीतल्या निकोलो तार्तालिया या गणितज्ञाने तोफांच्या गणितावर पुस्तक काढले. त्याने गोळ्याच्या वाटेचे तीन भाग केले : आधी तिरकी सरळ रेषा, मग वर्तुळाचा तुकडा आणि शेवटी सरळ खाली पडणे. वैशेषिकांचा बाण आणि तार्तालियाचा गोळा यांच्यात फारसा फरक नाही. जोर आहे तोवर सरळ, जोर संपला की खाली. पल्ला ४५ अंशांत सर्वात जास्त मिळतो, हे त्याने बरोबर सांगितले. नऊ वर्षांनी त्याने असेही लिहिले, की गोळ्याच्या वाटेचा कोणताही भाग पूर्ण सरळ नसतो. म्हणजे तो दारापर्यंत आला होता.

टेबल, उतार आणि एक गोळी

ते दार गॅलिलिओने उघडले. त्याचे काम दोन टप्प्यांत झाले. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात पादुआ इथे शिकवत असताना त्याने प्रयोग केले. आणि प्रसिद्ध केले तीस वर्षांनी. मधल्या काळात पृथ्वी फिरते या मताचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ साली त्याच्यावर रोममध्ये खटला झाला आणि त्याला जन्मभर नजरकैदेत राहावे लागले. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावातल्या घरात तो गतीवरचे पुस्तक लिहीत होता, तेव्हा इकडे उदगीर-औशाला वेढे पडलेले होते. चर्चने त्याची पुस्तके छापायला बंदी केल्यामुळे ते पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडेन शहरात छापले गेले. तोवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या गॅलिलिओची दृष्टी गेली होती. ‘दोन नव्या विज्ञानांविषयी संवाद’ म्हणून ते ओळखले जाते. त्यातला चौथा दिवस सगळा प्रक्षेप्यांचा आहे.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. गुळगुळीत आडव्या पृष्ठावर सरकणारी गोळी, काही अडथळा नसेल तर, त्याच वेगाने सरकत राहील. पृष्ठ संपले की ती पडू लागते. पण पडू लागली म्हणून तिचे पुढे सरकणे थांबत नाही. आडव्या दिशेला ती समान काळात समान अंतर कापते. उभ्या दिशेला, एका जागी सोडलेल्या वस्तूप्रमाणेच, काळाच्या वर्गाच्या प्रमाणात खाली येते. दोन्ही एकत्र केले की वाट अन्वस्ताची होते. त्यात सरळ तुकडा नाही, वर्तुळाचा तुकडा नाही आणि जोर संपण्याचा क्षणही नाही. गोळी कडेवरून सुटल्या क्षणापासून पडत असते आणि जमिनीला टेकेपर्यंत पुढे जात असते.

हे गॅलिलिओने नुसते विचाराने ठरवले, असे बराच काळ मानले जाई. १९७३ साली स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने गॅलिलिओच्या हस्तलिखितांतले एक पान प्रकाशात आणले आणि चित्र बदलले. त्या पानावर टेबल आहे, वेगवेगळ्या वाटांनी पडणाऱ्या गोळ्या आहेत आणि आकडे आहेत. उतारावरून गोळी गडगडत आणायची, पायथ्याशी तिला आडवी वळवायची आणि टेबलाच्या कडेवरून जमिनीवर पडू द्यायची. गॅलिलिओचे लांबीचे एकक होते ‘पुंतो’, म्हणजे सुमारे ०.९४ मिलिमीटर. टेबलाची उंची ८२८ पुंतो होती, म्हणजे सुमारे ७८ सेंटीमीटर. आपल्या शाळेतल्या टेबलाएवढी!

३०० पुंतो उंचीवरून सोडलेली गोळी टेबलापासून ८०० पुंतो अंतरावर पडली. हे त्याने पायाभूत धरले. उतारावरून मिळणारा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. टेबलाची उंची तीच असल्याने पडायला लागणारा काळही तोच राहतो. म्हणून आडवे अंतरही उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढले पाहिजे. हिशेब आणि मोजमाप असे होते :

उंची ६०० : हिशेबाने ११३१, प्रत्यक्षात ११७२, फरक ४१.
उंची ८०० : हिशेबाने १३०६, प्रत्यक्षात १३२८, फरक २२.
उंची ८२८ : हिशेबाने १३३०, प्रत्यक्षात १३४०, फरक १०.
उंची १००० : हिशेबाने १४६०, प्रत्यक्षात १५००, फरक ४०.

सर्वात मोठा फरकही चार टक्क्यांच्या आत आहे. ७८ सेंटीमीटर पडायला ०.४ सेकंद लागतो. एवढा लहान काळ मोजायचे घड्याळ गॅलिलिओकडे नव्हते आणि त्याला ते लागलेही नाही. पडण्याचा काळ प्रत्येक वेळी तोच असल्याने जमिनीवरचे अंतरच वेगाचे माप झाले. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा पुढे जाण्याने पडणे लांबत नाही. पुढे जाण्याने पडणे लांबत असते, तर वेगवान गोळीला जास्त वेळ मिळाला असता आणि हे प्रमाण जुळलेच नसते. कोष्टकातला प्रत्येक आकडा ‘एकाच वेळी’ या दोन शब्दांची साक्ष देतो.

फिरत्या पृथ्वीवरच्या आक्षेपाचे उत्तरही इथेच मिळते. १६३२ च्या आपल्या आधीच्या ग्रंथात गॅलिलिओने चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेल्या दगडाची चर्चा केली होती. १६४० साली गासेंदी या फ्रेंच विद्वानाने मार्सेय बंदरात हा प्रयोग करून दाखवला. वेगाने चाललेल्या गलबताच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला. लल्लाच्या बाणाला सुमारे नऊशे वर्षांनी उत्तर मिळाले.

गोफणीचा हिशेब

टेबलाची गोळी आडवी सुटते. तोफेचा गोळा आणि गोफणीचा दगड तिरके सुटतात. तिथे वेगाचे घटक पाडावे लागतात. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्याच्या गोफणीतून दगड सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला असे धरू. हवेचा विरोध सध्या सोडून देऊ आणि दगड सुटला त्याच उंचीवर परत येईपर्यंतचा हिशेब करू.

३० अंशांत सुटला तर आडवा घटक १७.३ आणि उभा घटक १० मीटर प्रति सेकंद. उभा घटक दगडाला हवेत किती वेळ ठेवायचे ते ठरवतो. १० मीटरचा वेग संपून पुन्हा तेवढाच खाली यायला सुमारे २.०४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आडवा घटक त्याला ३५.३ मीटर नेतो. आता ६० अंश घेऊ. आडवा घटक १० आणि उभा १७.३. दगड ३.५३ सेकंद हवेत राहतो, पण पुढे सावकाश जातो. अंतर पुन्हा ३५.३ मीटर! ४५ अंशांत दोन्ही घटक १४.१ मीटरचे, वेळ २.८९ सेकंद आणि अंतर ४०.८ मीटर.

४५ अंशच का, हेही आता साइनच्या सूत्राशिवाय सांगता येते. पल्ला हा आडवा आणि उभा या दोन घटकांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, आणि दोन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज ठरलेली असते. कर्ण तेवढाच असलेल्या आयतांत सर्वात जास्त क्षेत्रफळ चौरसाचे, हे मुलांना भूमितीतून पटवता येते. म्हणून दोन्ही घटक समान असतात तेव्हा पल्ला सर्वात जास्त. एका घटकाने वेळ मिळवायचा आणि दुसऱ्याने त्या वेळात अंतर कापायचे, असा हा मामला आहे. औशाच्या तटाआड गोळा पाडणारी उखळी तोफ यातला उभा घटक मोठा ठेवते.

जिथे हिशेब जुळत नाही

इथवरचे वाचून कोणी किल्ल्यावरच्या तोफेचा पल्ला काढू लागला तर फसेल. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज अभियंत्याने बंदुकीच्या गोळीचा वेग टांगलेल्या जड लोलकावर गोळी मारून मोजला. तो वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटरपर्यंत, म्हणजे ध्वनीपेक्षाही जास्त निघाला. ५०० मीटर वेगाचा गोळा ४५ अंशांत सुटला तर आपल्या सूत्राने पल्ला पंचवीस किलोमीटरच्या वर येतो. त्या काळच्या तोफांचे गोळे याच्या पाव अंतरही जात नसत. फरक हवेच्या विरोधामुळे पडतो. हा विरोध गोळ्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, हे रॉबिन्सने दाखवले.

शिक्षकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेगवान गोळ्यावर हवेचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तो एकूण वेगावर अवलंबून असल्याने, आडवा वेग मोठा असेल तर उभ्या दिशेचा विरोधही वाढतो. म्हणजे तिथे दोन घटक एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. घटक पाडता येतात, पण त्यांची समीकरणे वेगवेगळी सुटत नाहीत. गॅलिलिओलाही याची जाणीव होती. आपली कोष्टके थोड्या दारूने मारलेल्या उखळी तोफांसाठी आहेत, भरधाव गोळ्यासाठी नाहीत, अशा अर्थाची सूचना त्याने दिली आहे. खळ्यात उफणणी करताना ज्वारी जवळ पडते आणि भुसा वाऱ्याने दूर जातो, हे आपण पाहतो. तिथे गुरुत्वाकर्षण आणि हवा या दोघांचाही हिशेब धरावा लागतो.

१७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला उदगीरच्या मोहिमेत हरवले, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. इब्राहिमखान आधी फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली होता, तिथली कवायत त्याने आणली होती. युरोपात तोवर रॉबिन्सचे पुस्तक येऊन अठरा वर्षे झाली होती, ऑयलरने त्याचा जर्मन अनुवादही केला होता. तोफा, दारू आणि कवायत समुद्र ओलांडून मराठवाड्यात आली. त्यांच्यामागचे गणित शाळेत येऊन बसायला मात्र फार काळ जावा लागला.

आपल्या वर्गात

१९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवले जाई आणि त्यासाठी खास अनुवाद विभाग होता. संस्थान विलीन झाल्यावर नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, लातूरलाही महाविद्यालये उभी राहिली, आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. भाषेचे असे टप्पे ओलांडत हा धडा आपल्यापर्यंत आला. आज ‘लातूर पॅटर्न’मुळे गावोगावची मुले लातूर आणि नांदेडला प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी येतात. पल्ला, महत्तम उंची आणि उड्डाणकाल ही तिन्ही सूत्रे त्यांना झोपेतही सांगता येतात. भरपूर सराव ही चांगलीच गोष्ट आहे, तिने अनेक सामान्य घरांतली मुले डॉक्टर आणि इंजिनियर झाली. मात्र पहिल्या प्रश्नातल्या दोन गोट्यांपैकी आधी कोणती पडेल, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्यासाठी ती तीन सूत्रे म्हणजे नुसती पाठ केलेली अक्षरे आहेत. प्रश्न थोडा वळवून आला की तो अडतो.

म्हणून आमची सूचना अशी, की साइन-कोसाइन लिहिण्याआधी एक तास टेबलापाशी घालवावा. ‘आडवा वेग’ आणि ‘उभा वेग’ हे साधे शब्द आधी वापरावेत, परीक्षेतले शब्द मागून येतील. टेबलाच्या कडेवर एक नाणे ठेवावे आणि दुसरे पट्टीच्या टोकावर कडेबाहेर धरावे. पट्टीला आडवा फटका दिला की एक नाणे दूर उडते आणि दुसरे जागीच खाली पडते. मुलांना डोळे मिटून आवाज ऐकायला सांगावे. टण असा एकच आवाज येतो. फटका हळू देऊन आणि जोरात देऊन पुन्हा करावे.

त्यानंतर गॅलिलिओचे पान करावे. विजेच्या वायरिंगची उघडी प्लॅस्टिक पट्टी, सायकलच्या बेअरिंगमधली मोठी गोळी, जमिनीवर कार्बन पेपर आणि त्याखाली कोरा कागद, एवढे साहित्य पुरते. पट्टीचे खालचे टोक टेबलावर आडवे राहील असे चिकटवावे. गोळी २८, ५६, ७५ आणि ९४ सेंटीमीटर उंचीवरून सोडावी, या उंची गॅलिलिओच्या ३००, ६००, ८०० आणि १००० पुंतोंच्या जवळच्या आहेत. प्रत्येक उंचीला पाच-पाच खुणा घेऊन सरासरी काढावी. पहिल्या अंतरावरून बाकीची तीन अंतरे वर्गमुळाने आधी हिशेबाने काढून फळ्यावर लिहावीत आणि मग मोजावीत. गॅलिलिओचा सर्वात मोठा फरक ४१ पुंतोंचा, म्हणजे सुमारे चार सेंटीमीटरचा होता. आपल्या वर्गाचा किती येतो, ते मुलांना त्याच्या आकड्यांशेजारी लिहू द्यावे.